वार्धक्य, यंत्र आणि सेविकेचे श्रम



वृद्धाच्या मांडीवर ठेवायचे यंत्र कसे असावे, हा प्रश्न जपानी अभियंते ताकानोरी शिबाता यांनी १९९३ साली हाती घेतला. त्यातून ‘पारो’ निर्माण झाला : पांढऱ्या लोकरीचे, सुमारे पावणेतीन किलो वजनाचे सीलचे पिल्लू. कुरवाळले की ते मान हलवते, डोळे मिटते. मांजर का निवडले नाही, याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. मांजर बहुतेकांनी हाताळलेले असते, त्यामुळे नक्कल तात्काळ उघडी पडते. सील कोणी पाळलेला नसतो. २००९ साली अमेरिकेने पारोला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. स्मृतिभ्रंशाने अस्वस्थ झालेली माणसे त्याच्या सहवासात पुष्कळदा शांत होतात, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु एवढ्यावरच भाळणाऱ्यांनी जेम्स राइट या मानववंशशास्त्रज्ञाचे २०२३ सालचे पुस्तक वाचावे. कानागावा प्रांतातील एका शुश्रूषागृहात त्याने यंत्रांचा वापर जवळून पाहिला. वृद्धांना उचलणारे ‘हग’ खोल्याखोल्यांतून ढकलण्यातच वेळ जाई. थोड्याच दिवसांत ते बाजूला पडले. ‘पेपर’ हा यंत्रमानव व्यायाम घेई, पण त्याच्या शेजारी उभे राहून सेवकालाच तेच हातवारे करावे लागत. आणि पारो? एक वृद्धा त्याच्यावाचून जेवेना, झोपेना. दुसरे कोणी त्याची कातडी सोलू पाही. दोघांवरही लक्ष ठेवायचे ते सेवकांनीच! यंत्र हलवणे, पुसणे, सुरू करणे, समजावून सांगणे ही कामे वाढली आणि वृद्धांशी दोन शब्द बोलण्याची उसंत मात्र घटली.

जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. चाळिशीपासून नागरिक त्याचा हप्ता भरतात. ही समाजवाद्यांनी कौतुकाने पाहावी अशी व्यवस्था आहे. पण सेवेचे दर तेथे सरकार ठरवते, आणि सेवकांचे वेतन इतर उद्योगांच्या सरासरीहून कमीच राहिले आहे. माणसे टिकत नाहीत ती त्यामुळे. तेच सरकार यंत्रांच्या संशोधनास व खरेदीस अनुदान देते.

तेव्हा यंत्राला सरसकट विरोध करण्याचे प्रयोजन नाही. मागणी करावयाची ती आराखड्याच्या टप्प्यावर. यंत्र घडण्यापूर्वी सेविकांच्या संघटनेला विचारले जावे. त्याच्या निगेचे तास कामाच्या तासांत धरले जावेत. आणि ते नको असल्यास बंद करण्याचा अधिकार स्वतः वृद्धाच्या हाती असावा.