आधी पवित्रा, मग ठोसा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संधी' हा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. कारण गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर ठरलं, की बॅचच्या निधीतून शाळेतल्या मुलींसाठी कराटेचा वर्ग सुरू करायचा. त्या वर्गाबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

मी कराटे शिकायला लागले वयाच्या अडतिसाव्या वर्षी. मुलीला क्लासला सोडायला जायची, तिथे बसून कंटाळा यायचा, म्हणून मीही उतरले. आज माझ्याकडे तपकिरी पट्टा आहे आणि दर रविवारी लहान मुलांना शिकवायला मी आमच्या सरांना मदत करते. म्हणजे मी कोणी तज्ज्ञ नाही. पण चुका भरपूर केल्या आहेत आणि बघितल्याही आहेत. त्यातल्या बहुतेक चुका हाताच्या नव्हत्या, उभं राहण्याच्या होत्या.

उभं राहण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे 'पवित्रा' म्हणतात. देवळीला हा शब्द नवा नाही. हे पैलवानांचं गाव आहे. खासदार झालेले रामदास तडस आधी कुस्तीच्याच मातीतले. लहानपणी आखाड्यात आम्हा मुलींना प्रवेश नव्हता, पण बाहेरून दिसायचं. दोन पैलवान समोरासमोर आले की आधी गुडघे वाकवून, पाय रोवून उभे राहायचे. डाव नंतर.

आता एक मिनिट सगळ्यांनी उभं राहा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी बसूनच राहावं. दोन्ही टाचा जुळवा, पीटीच्या तासाला 'सावधान'मध्ये उभे राहायचो तसं. आता शेजाऱ्याच्या खांद्याला हलकाच धक्का द्या. हलकाच म्हटलं, जुने हिशोब काढू नका! बघा, सगळे डगमगले. आता पाय खांद्यांइतके लांब घ्या, एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकवा. पुन्हा धक्का. फरक कळला ना? बसा आता.

पुढे पाय टाकून उभं राहण्याच्या या पवित्र्याला कराटेत झेनकुत्सु-दाची म्हणतात. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ, अर्ध्याहून थोडं जास्त वजन पुढच्या पायावर. ऐकायला सोपं आहे, पण त्यात चार-पाच चुका हमखास होतात.

पहिली चूक, दोन्ही पाय एका रेषेत येणं, दोरीवर चालल्यासारखं. समोरून बघणाऱ्याला छान वाटतं, पण बाजूने टिचकी मारली तरी माणूस पडतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. पुढचा गुडघा आत झुकणं. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने हवा. तो आत गेला की मांडी एकीकडे वळते, पाऊल दुसरीकडे राहतं आणि पीळ गुडघ्यावर बसतो. माझी लाथ उंच जायची, टाळ्या मिळायच्या, म्हणून पहिलं वर्षभर कोणी खाली बघितलंच नाही. मग एके दिवशी जिना उतरता येईना. अडीच महिने घरी बसले. परत गेले तेव्हा सरांनी मला महिनाभर ठोसा मारू दिला नाही, फक्त उभं केलं.

तिसरी चूक, ठोसा मारताना मागची टाच उचलणं आणि छाती पुढे फेकणं. आपल्याला वाटतं जोर वाढला. पण जोर जमिनीतून मागच्या पायात, तिथून कमरेत आणि मग हातात येतो. टाच सुटली की ती वाटच तुटते.

चौथी चूक, पाऊल टाकताना वर उठणं आणि पुन्हा खाली बसणं. हे मुलींना शिकवताना मला आपल्या आया आठवतात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाण्याची दोन गुंडं, तरी थेंब सांडायचा नाही, कारण चालताना डोकं एका पातळीत राहायचं. मी पुण्याच्या मुलींना म्हणते, डोक्यावर गुंड आहे असं समजून पुढे या. त्यांना आधी गुंड म्हणजे काय ते सांगावं लागतं, तो भाग वेगळा.

पाचवी चूक, फोटोत चांगलं दिसावं म्हणून फार खाली बसणं. किबा-दाची म्हणजे घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा. त्यात पावलं समांतर हवीत आणि पाठ ताठ हवी. जास्त खाली बसायच्या नादात पावलं बाहेर फाकतात, पाठ मागे निघते, आणि त्या जागेवरून हलताच येत नाही.

या चुका स्वतःच्या स्वतःला दिसत नाहीत, कारण आपली नजर हातावर असते. आमच्या कामातही असंच होतं. बिघाड स्क्रीनवर दिसतो आणि कारण चार थर खाली असतं. उपाय मात्र स्वस्त आहेत. फरशीवर खडूने दोन समांतर रेघा ओढायच्या. जोडीदाराने खांद्याला हलका धक्का देऊन बघायचं. मोबाईल बाजूला ठेवून व्हिडिओ काढायचा. इतकं पुरतं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते. नवीन मुलगी क्लासला आली की ती बहुतेक वेळा पाय जुळवून, खांदे आत घेऊन उभी राहते. ही कराटेतली चूक नाही, ती घरून शिकून आलेली असते. मलाही आई म्हणायची, "पाय जवळ घे वं, पोरीच्या जातीनं असं उभं राहू नाही." तिचा दोष नाही, तिला तिच्या आईने तेच सांगितलं होतं.

अकरावीला मी रोज वर्ध्याला जायची. एकदा गर्दीच्या बसमध्ये एका माणसाने त्रास दिला. मी पाय जुळवले, पुस्तकं छातीशी धरली आणि स्वतःला जितकं बारीक करता येईल तितकं केलं. वर्धा येईपर्यंत तशीच उभी होते. घरी सांगितलं नाही. आज तीस वर्षांनी, पहिल्यांदाच, तुमच्यासमोर सांगते आहे. कराटे येत असतं तर सगळं टळलं असतं, असा माझा दावा नाही. आणि दोष माझा नव्हता, हे कळायलाही मला बरीच वर्षं लागली. पण पाय रोवून, मान वर करून, "बाजूला व्हा" एवढं मोठ्याने म्हणता आलं असतं, तर मी ती गोष्ट इतकी वर्षं वागवली नसती.

म्हणून वर्गाबद्दल माझ्या चार विनंत्या आहेत. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचं शिक्षण देण्याची तरतूद आहे. तीन महिन्यांत काळा पट्टा मिळत नाही, पण पवित्रा पक्का होऊ शकतो. तेव्हा पहिली विनंती, पहिला महिना फक्त उभं राहणं आणि चालणं शिकवावं. दुसरी, २६ जानेवारीला मुलींकडून कौलं फोडून घेऊ नयेत. टाळ्या मिळतात आणि गुडघे जातात. तिसरी, शिकवायला बाई असावी. अमरावती काही फार लांब नाही. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करतं आहे, १९३६ साली त्यांच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. त्यांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकलेल्या मुली आपल्याला सापडतील. आणि चौथी, पहिल्या दिवशी आयांनाही बोलवावं आणि मघाशी तुम्ही केलं ते त्यांच्याकडून करून घ्यावं.

गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली ओकिनावाचं कराटे टोकियोत नेऊन दाखवलं. त्यांच्या वीस सूत्रांमध्ये एक सूत्र असं आहे, की ठरावीक पवित्रे नवशिक्यांसाठी असतात, पुढे साधं उभं राहणं हाच पवित्रा होतो. आपल्या शाळेच्या मुलींनी स्पर्धा जिंकल्या तर आनंदच आहे. पण देवळीच्या बस स्टँडवर त्या जरा पाय फाकवून, निवांत उभ्या दिसल्या, तर आपले पैसे कारणी लागले असं मी समजेन.

निधीतला माझा वाटा मी आजच देते आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस येऊन रेघा ओढायचं कामही माझ्याकडे राहू द्या. खडू मात्र शाळेने द्यावेत.