ग्रंथकार बाबासाहेब आणि आपले कर्तव्य



बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. दादरचे 'राजगृह' त्यांनी ग्रंथांच्या सोयीसाठी कसे बांधून घेतले, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. परंतु ग्रंथ जमविणारा हा महापुरुष स्वतः ग्रंथ लिहू लागला, तेव्हा त्याच्या लेखणीच्या वाट्यास काय आले, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज मला त्याविषयी बोलावयाचे आहे. आणि त्यातून आपल्या प्रत्येक कुटुंबावर कोणती जबाबदारी येते, हे वकिली करणारा एक माणूस या नात्याने आपणांपुढे मांडावयाचे आहे.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घेतली. १९१७ साली ते मायदेशी निघाले, तेव्हा महायुद्ध चालू होते. त्यांचा ग्रंथसंग्रह ज्या जहाजावर चढविला होता, ते जहाज पाणतीराने बुडाले आणि ग्रंथ समुद्रतळाशी गेले. त्याच वर्षी त्यांचा भारतातील जातींविषयीचा निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका हाताने हरपले आणि दुसऱ्या हाताने मिळविले, असाच त्यांच्या लेखनाचा पुढील क्रम राहिला.

लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांकडे दिला होता. १९२३ साली परीक्षकांनी तो तसाच मान्य केला नाही. पुन्हा लिहून आणावयास सांगितले. हातातील पैसा संपला होता. बाबासाहेब मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी प्रबंधात फेरफार केले आणि तो लंडनला पाठविला. तो मान्य झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रंथरूपाने छापलाही गेला. कोलंबियाच्या पदवीची कथा याहून लांबलेली आहे. १९१७ पूर्वीच आरंभिलेल्या त्या अभ्यासाचा ग्रंथ १९२५ साली छापून निघाला आणि पीएच.डी. पदवी १९२७ साली पदरात पडली. एका पदवीसाठी दहा वर्षे! आपल्या मुलामुलींना परीक्षेत एकदा अपयश आले की घरात सुतक पाळल्यासारखी अवस्था होते. त्या घरांनी ही दहा वर्षे ध्यानात ठेवावीत.

वृत्तपत्रांच्या बाबतीतही हेच झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्यास साहाय्य केले, तरीही ते फार काळ टिकले नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. महाडचा सत्याग्रह, न्यायालयातील वकिली, विद्यार्थ्यांस शिकविणे हे सर्व सांभाळून त्यातील बहुतेक मजकूर बाबासाहेब स्वतः लिहीत. १९२९ साली तेही बंद पडले. पुढील वर्षी 'जनता' निघाले आणि १९५६ साली त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. पत्रे बंद पडत, त्याचे एक कारण उघड होते. ज्यांच्यासाठी ती निघत, त्यांतील बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांना होती त्यांच्या खिशात वर्गणीचे पैसे नव्हते. लेखक होता, विचार होता; वाचक मात्र अद्याप घडावयाचा होता.

१९३६ सालचा प्रसंग तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. त्यांनी भाषण लिहून छापावयास घेतले. त्यातील वेदशास्त्रांविषयीचा भाग मंडळास रुचला नाही आणि तो गाळावा अशी सूचना आली. बाबासाहेबांनी एक अक्षरही बदलण्याचे नाकारले व परिषद बारगळली. दुसरा एखादा लेखक तो कागद पेटीत ठेवून स्वस्थ बसला असता. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले. दीड हजार प्रती अवघ्या दोन महिन्यांत संपल्या! सभेत ते भाषण झाले असते, तर काही शेकडा श्रोत्यांनी ऐकले असते. नाकारले गेल्यामुळे ते आज जगभर वाचले जाते.

आता अखेरचा ग्रंथ पाहा. शाळकरी वयात कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या भेटीतून पडलेल्या बीजाचा वृक्ष म्हणजे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. या ग्रंथाच्या छपाईस मोठा खर्च होता. बुद्धजयंतीच्या निमित्ताने केंद्र सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात, असे पत्र बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिले. त्यासाठी राखलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. ज्यांनी देशाच्या घटनेचा मसुदा सिद्ध केला, त्यांना आपल्या ग्रंथाच्या पाचशे प्रतींसाठी विनंती करावी लागली! ५ डिसेंबरच्या रात्री या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्या टेबलावर होते. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

बंधुभगिनींनो, येथपर्यंतचे कार्य त्यांचे होते. येथून पुढचे आपले आहे.

त्यांच्यामागे शेकडो पृष्ठांची हस्तलिखिते राहिली. ती वर्षानुवर्षे न्यायालयीन व सरकारी ताब्यात पेट्यांमध्ये बंद होती. महाराष्ट्र शासनाने त्यांचे समग्र लेखन छापावयास घेतले. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला आणि हिंदुधर्मातील कूटप्रश्नांचा चौथा खंड १९८७ साली आला. म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी! त्यातील राम-कृष्णांविषयीचे परिशिष्ट काढून टाकावे, अशी मागणी झाली. तेव्हा १९८८ च्या आरंभी आपली माणसे लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर आली. त्यांतील पुष्कळांनी तो इंग्रजी खंड वाचलेला नव्हता. परंतु बाबासाहेबांचे पान कोणी फाडू शकत नाही, एवढे त्यांस कळत होते. अखेर, शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप घालून ते परिशिष्ट कायम राहिले. १९२९ साली जो वाचक घडावयाचा होता, तो १९८८ साली उभा राहिलेला दिसला. तथापि काम संपले नाही. खंडांचे प्रकाशन रखडल्याची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

आता कायद्याच्या दोन गोष्टी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. त्यामुळे बाबासाहेबांनी हयातीत छापलेले ग्रंथ २०१६ च्या अखेरीस मुक्त झाले. 'जातिप्रथेचे उच्चाटन' आज कोणीही छापू शकतो. हे उत्तम झाले. परंतु त्याचबरोबर मजकुरात काटछाट करून छापणाराही निघू शकतो. म्हणून पुस्तक घेताना ते मूळ पाठावरून छापले आहे की नाही, हे पाहून घ्या. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे मात्र प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात.

दुसरी गोष्ट आपल्या घरातील आहे. तुमच्या वडिलांची जलशातील गाणी, धम्मदीक्षेच्या दिवसाची आठवण लिहिलेली वही, समता सैनिक दलाची पत्रके, आजीने सांगितलेल्या व नातीने उतरविलेल्या ओव्या असे काही ना काही तुमच्या पेटीत असेल. ते रद्दीत घालू नका. गाणे रचणारा हयात असेल, तर त्याने कोणाच्याही कोऱ्या कागदावर सही करू नये. हक्क देण्याचा करार लेखीच असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर तो पाच वर्षांचाच समजला जातो. आपल्या वह्या कोणाकडे जाव्यात हे मृत्युपत्रात लिहून ठेवा. मृत्युपत्रास लिहिणाऱ्याची सही व दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने ज्याला दिले, त्याला त्यावरील लेखनहक्कही मिळतो, मात्र मृत्युपत्रात वेगळे काही म्हटलेले नसावे. एवढे साधे काम न केल्याने भावाभावांत वाद होतात आणि वह्या कपाटात कुजतात.

आणि शेवटी, लिहा. शुद्धलेखन चुकेल, कोणी साभार परत करील, कोणी दोन पाने गाळावयास सांगेल. बाबासाहेबांचे लेखनही परत आले होते, थांबविले गेले होते, पैशावाचून अडले होते. त्यांनी ते पुन्हा लिहिले, स्वतः छापले आणि वाचकाची वाट पाहिली. तो वाचक म्हणजे आपण आहोत. पुढच्या पिढीला वाचावयास आपण काय ठेवून जाणार आहोत, याचा विचार आज घरी गेल्यावर प्रत्येकाने करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.