मैदान थोडे खोल करू या

(धामणगाव बढे येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी नालीबद्दल बोलणार आहे. आपल्या सभांत मलिक अंबरच्या नहरीचा उल्लेख हटकून होतो, टाळ्याही पडतात. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कामाचा अभिमान जरूर बाळगा. पण पावसाळ्यात आपल्याच गल्लीतले पाणी कुठे जाते असे कोणी विचारले, तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

पाणी उताराकडे जाते. आणि गावाच्या उताराला, नाल्याच्या काठाला कोण राहते, हे मी सांगायला नको. स्वस्त जागा तिथेच मिळते. वरच्या आळीत सिमेंटचा रस्ता होतो, अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात. पूर्वी मुरणारे, रेंगाळणारे पाणी मग धावत खाली येते आणि खालच्या घरात पिठाच्या डब्यापर्यंत पोहोचते. यात कोणाचा कट नसतो. म्हणून हा प्रश्न ‘आमच्या मोहल्ल्याचा’ म्हणून मांडू नका. नाल्याकाठी जे जे राहतात, त्या सगळ्यांना सोबत घ्या.

आपली नेहमीची मागणी असते, नाली रुंद करा. रुंद नाली तेच पाणी आणखी जोरात पुढच्या घरांवर नेऊन सोडते. दुसरा मार्ग म्हणजे पाणी वाटेतच काही तास थोपवणे. सार्वजनिक बाग किंवा खेळाचे मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन फूट खोल करायचे, कडा उतरत्या आणि गवताच्या ठेवायच्या. पावसाचे पाणी वरून त्यात घ्यायचे आणि खालच्या टोकाला लहान पाइप ठेवायचा. पाणी भराभर येते, हळूहळू जाते. इंजिनिअर याला डिटेन्शन बेसिन म्हणतात. शेततळे भरलेले राहावे म्हणून खोदतात. हे रिकामे व्हावे म्हणून खोदायचे.

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाच एकर वस्तीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १० लाख लिटर. अर्धा एकर मैदान दोन फूट खोल केले, तर उतरत्या कडा धरूनही जवळपास तेवढेच पाणी मावते.

पण दोन गोष्टींत फसू नका. आपली काळी माती एकदा भिजली की पाणी मुरू देत नाही, म्हणून सगळी भिस्त त्या पाइपवर. त्याची जाळी कचऱ्याने तुंबली की मैदानाचे डबके झाले. आणि सांडपाणी त्यात येता कामा नये, फक्त पावसाचे. पाणी एक-दोन दिवसांत ओसरले तर डासांची भीती नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. २०२३ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पूर आला, तसा पूर असे मैदान अडवणार नाही, हेही लोकांना स्पष्ट सांगा. हा इलाज गल्लीत तुंबणाऱ्या पाण्यावर आहे.

‘मग पोरे खेळणार कुठे?’ हा पहिला प्रश्न येईल. तिथेच खेळणार. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात २०१३ मध्ये बेंथेमप्लाइन नावाचा चौक असाच बांधला. एरवी पोरे तिथे बास्केटबॉल खेळतात, मोठ्या पावसात तिथल्या तीन खोलगट भागांत मिळून १७ लाख लिटर पाणी थांबते.

मुंबईत हिंदमाताला दरवर्षी पाणी भरायचे. महापालिकेने २०२१ मध्ये दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधायला घेतल्या. पंपाने पाणी त्यांत न्यायचे आणि भरती ओसरली की समुद्राकडे सोडायचे. तिथे मोकळी जमीन उरली नाही, म्हणून जमिनीखाली जावे लागले. आपल्याकडे पंप नको, काँक्रीटची टाकी नको. मोकळी जागा आणि उतार पुरतो. ती जागा अजून आहे तोवरच हे स्वस्त आहे. उद्या तिथे गाळे उभे राहिले की विषय संपला.

त्या जागेचे काय करायचे, हे ग्रामसभेत ठरते. अठरा वर्षे पूर्ण झालेला, गावच्या मतदार यादीतला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हावी लागते. आपल्यातले किती जण तिथे जातात? आपल्या बहिणी? पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. असा पैसा गाव आराखड्यात लिहिलेल्या कामांवर खर्च होतो. आराखड्यात नाव नसेल, तर कामही नाही.

तेव्हा पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर पडा. पाणी कुठून येते, कुठे अडते, किती वाजता ओसरते, ते वहीत लिहा. भिंतीवर पातळीची रेघ मारा, फोटोवर तारीख-वेळ येऊ द्या. गावाचा साधा नकाशा काढा, त्यावर बाण दाखवा. तो नकाशा जोडून ग्रामसभेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सभेत ठराव झाला, तर इतिवृत्तात त्याचे शब्द काय लिहिले ते वाचून पाहा, आणि त्याची नक्कल मागा.