घाटावरच्या बायांपर्यंत बातमी कशी यायची

आम्ही दुसरबीडच्या गटातल्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, ऐकता ऐकता शेंगा फोडल्या तरी चालतील. आज विषय जुना आहे. दीडशे वर्षांमागे आपल्या या घाटावरच्या गावांत जगाची बातमी कशी पोचायची, आणि ती पोचेस्तोवर बाईच्या वाट्याला काय यायचं, ते आज सांगायचं आहे.

पहिलं हे ध्यानात घ्या, की तेव्हा आपण सरहद्दीवर होतो. 1853 साली हैद्राबादच्या निजामानं फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड इंग्रजांच्या कंपनीच्या हवाली केलं. जालना निजामाकडेच राहिलं. सिंदखेड, मेहकर ही आपली बाजू इंग्रजी कारभारात आली. राहेरीजवळून वाहणारी आपली खडकपूर्णा पुढं निजामाच्या मुलखात जायची. पाण्याला कोण अडवणार? पण पैसा वेगळा झाला. तिकडं हाली रुपया, इकडं इंग्रजी. आणि सोयरिकी काही तहनामा विचारून होत नाहीत. एखादीचं माहेर मंठ्याकडं, सासर इकडं. बापाचं राज्य निजामाचं, नवऱ्याचं इंग्रजाचं. दिवाळीला भावानं ओवाळणीत घातलेला हाली रुपया इथं पुरा रुपया म्हणून चालायचा नाही. आजपासून तुमचं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं, अशी दवंडी काही कोणी बायांसाठी पिटली नसेल.

मग बातमी आणायचं कोण? सरकारी निरोप घेऊन गावोगाव पायी फिरणारा गावचा महार. बांगड्या भरायला येणारा कासार. माहेराहून न्यायला आलेला मुऱ्हाळी. आणि बंजाऱ्यांचे तांडे. समुद्राकडचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून ते यायचे आणि जाताना धान्य, कापूस घेऊन जायचे. पुढं अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघू लागलं, पण ते कचेरीतल्या माणसांच्या हातात. वाचता येणाऱ्या बाया बोटांवर मोजाव्या एवढ्याच. बाईला बातमी कळायची ती आडावर, बाजारात, नाहीतर पहाटे जात्यावर. आणि पुष्कळदा बातमी म्हणून कळायचीच नाही. घरात काहीतरी बदलायचं, तेव्हा कळायचं.

कापसाचंच बघा. 1861 साली अमेरिकेत आपसात लढाई पेटली. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला. इथल्या बाईला अमेरिका ठाऊक नव्हती. तिला दिसलं एवढंच, की जवारीच्या वावरात यंदा पऱ्हाटी लागली. पैसा आला, नाही म्हणत नाही. कुणी बैलजोडी घेतली, कुणी डाग केले. पण वेचणीला कंबर वाकायची ती बाईची, आणि चरकीवर सरकी काढताना हात दुखायचे तेही बाईचेच. 1865 साली ती लढाई थांबली आणि भाव कोसळला. ही बातमी व्यापाऱ्याला आधी, सावकाराला त्यापाठोपाठ. कुणबिणीला कधी? वसुलीचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा. आज सोयाबीनचा भाव मोबाईलवर येतो म्हणतात. तो मोबाईल कुणाच्या खिशात असतो, ते तुम्हीच सांगा.

मग रेल्वे आली. 1867 साली ती मुंबईहून थेट नागपूरला पोचली. आपल्या जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी सगळी स्टेशनं घाटाखाली. घाटावर काही नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी अजून चालूच आहे, ते सोडा. 1870 साली जलंबपासून खामगावचा फाटा निघाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. कापसाचा बाजार भरभराटला. आपल्या गाड्या घाट उतरून तिकडं जाऊ लागल्या. त्याच रुळांवरून परत काय आलं? विलायती सूत आणि विलायती कापड. रिव्हेट-कार्नक नावाचा इंग्रजांचा कापूस कमिशनर होता. विलायती कापड इथं स्वस्तात मिळालं, की इथले विणकर शेताच्या कामाला लागतील आणि कापूस वाढेल, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्या हिशेबात सूत कातणारी बाई कुठं बसते? विधवेला, टाकलेलीला, म्हाताऱ्या सासूला घरबसल्या चार पैसे देणारं काम होतं ते. तिच्या चरख्याचं काय झालं हे विचारायला कोणी घाट चढून आलं असेल, असं आम्हाला वाटत नाही.

आणि पेवं. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना पेव माहीत असेल. जमिनीत खणून, गवत-काडाचं अस्तर देऊन त्यात जवारी भरायची आणि वरून लिंपून टाकायचं. दोन वर्षं पाऊस रुसला तरी पेव उघडून घर तगायचं. जवारीच्या जागी कापूस आला, तसं पेवात टाकायला उरेना. कापूस काही खाता येत नाही.

1896-97 ला दुष्काळ पडला. त्यातून माणसं उभी राहतात न राहतात तोच 1899 ला पावसानं पार पाठ फिरवली. विक्रम संवत 1956, म्हणून त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. चारा गेला, गुरं गेली. रेल्वेनं धान्य येत होतं, पण विकत घ्यायला गाठीला पैसा नव्हता. सरकारनं दुष्काळी कामं काढली, खडी फोडायची, माती वाहायची. मजुरी धान्याच्या भावावर बांधलेली. खोदणाऱ्याला जास्त, पाटी वाहणाऱ्याला कमी. पाटी कुणाच्या डोक्यावर असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. 1891 च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्यात 4 लाख 81 हजार माणसं होती. 1901 ला 4 लाख 23 हजार. वाढायचं सोडून अठ्ठावन्न हजारांनी घटली. काही मेली, काही पोट घेऊन दुसरीकडं गेली. त्यांतल्या बायांची नावं कुठल्या दफ्तरात सापडायची नाहीत.

तुम्ही म्हणाल, बायांनी सगळं निमूट ऐकून घेतलं का? एकीनं नाही घेतलं, आणि ती आपल्या जिल्ह्याची होती. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. म्हणून घरी वाचन होतं, मुलीला लिहिता-वाचता येत होतं. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला गाजला. लपून झालेलं मूल मारलं म्हणून तिला फाशी सुनावली होती. पुढं अपिलात शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून बायकांच्याच चालीवर ताशेरे झोडणं सुरू झालं. ‘पुणे वैभव’ त्यात पुढं. मुलाचा बाप कोण, त्याला काय शिक्षा, हे कोणी विचारीना. ताराबाईंनी ते वाचलं आणि बुलढाण्याच्या घरात बसून जबाब लिहिला. ‘स्त्री-पुरुष तुलना’, 1882, पुण्यात छापलेलं, प्रती पाचशे. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा तिचा सवाल. भाषा अशी, की भांडण काढायचं तर असं काढावं! लोक चिडले. ज्योतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलेलं नाही. होतं तेही विस्मरणात गेलं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठं लोकांना कळलं. नव्वद वर्षांच्या वर लागली बुलढाण्याच्या बाईची बातमी पोचायला.

त्या पाचशे प्रतींतली एखादी घाट ओलांडून सिंदखेडकडं आली असेल का, यावर आमच्यात वाद झाला. काही जणी म्हणाल्या, शक्यच नाही. आमच्यातली एक म्हणाली, कासार आणतो ना सगळंच.

आमच्या गटानं ठरवलंय, की पुढच्या वेळेपासून ते पुस्तक थोडं थोडं करून इथं मोठ्यानं वाचायचं. आणि तुमच्या घरात छप्पनच्या दुष्काळाची एखादी गोष्ट आजीनं सांगितलेली असेल, कुणाच्या वाड्यात पेवाची जागा अजून दाखवत असतील, तर बाजारच्या दिवशी आमच्यातल्या कुणालाही गाठून सांगा. आम्ही वही घेऊनच येतो.