हातावरचा फुगवटा



घरात एखाद्याला टीबी निघाला, की बाकीच्यांचीही तपासणी होते. कधी कोपराखाली, कातडीत बारीक सुईनं टीबीच्या जंतूची प्रथिनं टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथला घट्ट फुगवटा पट्टीनं मोजतात. ही मांटू चाचणी. तो फुगवटा नीट चाचपून पाहा. टीबीच्या जंतूची ओळख असलेल्या मदतनीस टी पेशी तिथं धावून आलेल्या असतात.

ही ओळख त्यांना करून देतं कोण? जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरला, की भक्षक पेशी त्याला गिळतात. पण पचवता येत नाही, तो आतच वाढत राहतो. मग डेंड्रिटिक पेशी त्याचे तुकडे घेऊन श्वासनलिकेजवळच्या लसिका ग्रंथीत जातात, कोतवालानं तहसिलीत वर्दी द्यावी तशा. राल्फ स्टाइनमन यांनी 1973 साली या पेशी जगापुढे आणल्या. त्या वर्दीबरोबर इंटरल्युकिन-12 हा रासायनिक संदेश सोडतात, तेव्हा टी पेशी टीबीशी लढण्याच्या वळणाला लागतात, फुप्फुसात परततात आणि इंटरफेरॉन गॅमा सोडून भक्षक पेशींना जंतू मारण्याचं बळ देतात. इंटरल्युकिन-10 फार झालं, तर हाच जोर ओसरतो.

टीबीचा जंतू ही वर्दीच लांबवतो. संसर्गानंतर मांटू उमटायला तीन ते आठ आठवडे लागू शकतात. या रोगाचं मर्म मला या उशिरातच दिसतं. तेवढ्यात जंतूनं छातीत ठाण मांडलेलं असतं.

त्यात शरीर उपाशी असेल तर? ग्रंथीत एका टी पेशीच्या हजारो व्हायच्या असतात, त्याला प्रथिनं लागतात. खंगलेल्या माणसाच्या किंवा एचआयव्ही असलेल्याच्या छातीत जंतू असूनही हात सपाट राहू शकतो. म्हणून फुगवटा आला नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. खोकला, ताप, वजनातली घट असेल तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्याच.

झारखंडमध्ये एका अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 साली निष्कर्ष आले: त्या घरांत नवा टीबी सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाला. तूर तर आपल्या यवतमाळात कपाशीच्या ओळींमध्येच उभी असते. झरी, मारेगावच्या कोलाम पोडांवर ज्या घरात टीबीचा रुग्ण आहे, तिथं औषधाच्या गोळ्यांइतकीच ती डाळही पोचली पाहिजे, आणि ती रुग्णासकट घरातल्या प्रत्येकाच्या ताटात पडली पाहिजे.