सुटलेला सोल काय सांगतो



 निर्यात, कर, यंत्रं यांवर या अधिवेशनात दिवसभर चर्चा होईलच. अध्यक्ष म्हणून मी एकच विषय घेतो : बुटाचा सुटणारा सोल.

बूट परत आला की आपण सोल चिकटवायच्या सोल्युशनला दोष देतो आणि महागडा डबा आणतो. माझं ठाम मत आहे की चूक बहुतेक वेळा डब्यात नसते, चामड्याच्या पृष्ठभागावर असते. चामड्यावर फिनिश असतो, त्याखाली गुळगुळीत घट्ट थर आणि आत कमावताना मुरवलेलं तेल. सोल्युशन फिनिशला धरतं, पण फिनिशच चामड्याला सोडतो. म्हणून रफिंग. तंतू मोकळे होईपर्यंत घासायचं आणि तिथेच थांबायचं. त्याहून खोल गेलं की चामडंच कमजोर होतं. धूळ झाडून लगेच सोल्युशनचा पहिला पातळ हात द्यायचा, नाहीतर तेल पुन्हा वर येतं. हे काम आपण सर्वांत नवख्या पोराला देतो. ते अनुभवी हाताचं काम आहे, आणि मजुरीही तशीच हवी.

परत आलेला बूट फेकू नका, सोल पूर्ण उचकटून पाहा. सगळं सोल्युशन सोलवर आणि चामडं कोरं, तर रफिंग अपुरं किंवा चामडं तेलकट. सोल्युशनवर तंतूंची लव चिकटून आली, तर सांधा पक्का होता, चामडं फाटलं. सोल कोरा, तर त्याला योग्य प्रायमर मिळाला नाही; टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) आणि रबराच्या सोलला साधारणपणे क्लोरीनयुक्त प्रायमर लागतो. आणि दोन्हीकडे सोल्युशनचा चकचकीत थर राहिला, तर गरम करताना उष्णता कमी पडली किंवा प्रेसला उशीर झाला. पॉलियुरेथेन सोल्युशनचा वाळलेला थर उष्णतेने पुन्हा चिकट होतो, पण फार थोडा वेळ. पीव्हीसी सोलला मात्र निओप्रीन सोल्युशन वापरूच नका; सोलमधलं प्लास्टिसायझर त्यात उतरून त्याला मऊ करतं.

मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. शिवाय सोल्युशनमध्ये मिसळलेला हार्डनर हवेतल्या पाण्याशीच संयोग पावतो. म्हणून मिश्रण थोडं करा, डबा झाकून ठेवा.

आता ज्याच्याविषयी आपण गप्प राहतो ते. इस्तंबूलचे डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी १९७४ साली बेंझिनयुक्त सोल्युशन हाताळणाऱ्या चर्मकारांमधल्या रक्ताच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. सोल्युशनमधल्या हेक्झेनच्या वाफेने हातापायांच्या नसा निकामी होतात, हेही जगाने पाहिलं आहे. आणि आपल्याकडे सोल्युशन लावणारा पेस्टिंगवाला पोटमाळ्यावर, बंद खिडकीशी, उघड्या डब्यावर वाकून बसतो. यावर उपाय म्हणून पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन आज उपलब्ध आहे. त्याला वाळायला जास्त वेळ आणि गरम हवेचा बोगदा लागतो, त्यामुळे लहान कारखान्याला तो एकट्याने परवडत नाही.

म्हणून एका वस्तीतल्या कारखान्यांनी मिळून एक बोगदा आणि सांध्याची ताकद मोजणारं एक यंत्र घ्यावं, असा ठराव मी आज दुपारच्या सत्रात मांडणार आहे. तोवर प्रत्येक पेस्टिंगवाल्याच्या टेबलाशी, वाफ त्याच्या तोंडापासून दूर ओढणारा पंखा बसवा. त्यासाठी ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही.