पाण्याची साक्ष

शिकागो शहरानें १९०० सालीं एक कालवा खुला केला आणि निसर्गानें वेगळे ठेवलेले दोन जलप्रदेश एकमेकांस जोडले: एकीकडे मिशिगन सरोवर, दुसरीकडे मिसिसिपी नदीचें खोरें. शहराची घाण सरोवरांत जाऊं नये, हा मुख्य हेतु. पुढें १९७० नंतर दक्षिणेकडील तळ्यांतलें शेवाळ खाण्यासाठीं आशियांतून कार्प जातीचे मासे आणविण्यांत आले. ते निसटून मिसिसिपींत शिरले व उत्तरेकडे चढूं लागले. इतर माशांच्या पिल्लांस लागणारें सूक्ष्म खाद्य हे गाळून फस्त करितात. म्हणून सरोवरावर उपजीविका करणाऱ्यांस धडकी भरली.

कालव्यांत २००२ पासून विजेचा अडसर होता. परंतु तो ओलांडून चारदोन मासे गेलेच असतील, तर तें कळावें कसें? जाळें रितें आलें म्हणजे पाणी रितें, असें थोडेंच आहे!

नोत्र दाम विद्यापीठांतील संशोधकांनीं २००९ सालीं निराळी वाट धरली. मासा जातो तेथें त्याच्या त्वचेच्या पेशी, बुळबुळीत स्राव, विष्ठा मागें राहतात. त्यांत त्या जातीचें आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, असतें. दोन लिटर पाणी अतिशय बारीक गाळणींतून गाळावयाचें, गाळणीवर राहिलेला डीएनए वेगळा करावयाचा, त्यांत त्याच जातीशीं जुळणारे छोटे तुकडे व एक विकर मिसळून तें मिश्रण आळीपाळीनें तापवावयाचें व निववावयाचें. दर फेरीस तो अंश जवळजवळ दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाचे सुमारें शंभर कोटि! त्या जातीचा अंशच नसेल, तर वाढण्यासारखें कांहीं नसतें. मात्र अस्वच्छ बाटलीहि खोटी साक्ष देते. या कामांतलें सोवळें देवघरांतल्या सोवळ्याहून कडक.

अडसरापलीकडील पाण्यांत कार्पची खूण मिळाली आणि एकच खळबळ उडाली. मिशिगन राज्यानें सर्वोच्च न्यायालयांत धांव घेऊन कालव्याचीं द्वारें बंद करण्याची मागणी केली. डिसेंबर २००९ मधली ही गोष्ट. तातडीचा हुकूम देण्यास न्यायालयानें नकार दिला. पाण्यांतला डीएनए जिवंत माशाचाच कशावरून, असा संशयी लोकांचा प्रश्न होता. मेलेला मासा, पक्ष्याची विष्ठा, नौकेंतून आलेलें पाणी, यांतूनहि तो येऊं शकतो. आक्षेप रास्त होता. मासे किती, जिवंत कीं मृत, हें ही खूण सांगत नाहीं.

जून २०१० मध्यें कॅल्यूमेट सरोवरांत, अडसरापलीकडे, मिशिगन सरोवरापासून सुमारें सहा मैलांवर, २० पौंडांच्या आसपास वजनाचा एक कार्प जाळ्यांत आला. तो जिवंत होता.